गळ्यातली सवत

सुप्याच्या बाजारातून काळी नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर वासू सोनाराचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच ओटी. एका कडेला शेगडी, दुसऱ्या कडेला ऐरण, मध्ये वासू, आणि त्याच्या समोर गिऱ्हाइकाला बसायला एक पाट. त्या पाटावर बसून डोंगरातल्या निम्म्या नवऱ्यांनी आपापल्या मेलेल्या बायकांची वर्णनं केली होती.

हे जरा विचित्र वाटेल, म्हणून आधी सांगून टाकायला हवं. त्या मुलखात पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीने पहिलीला गळ्यात बांधायचं. म्हणजे चांदीच्या लहानशा पत्र्यावर बाईचं चित्र उठवायचं, त्याला टाक म्हणत, आणि तो काळ्या दोऱ्यात ओवून घालायचा. सकाळी आंघोळ झाली की आधी टाकातल्या सवतीला हळदकुंकू, मग स्वतःला. नवं लुगडं आलं की आधी तिच्यावरून फिरवायचं. जेवायला बसलं की पहिला घास तिला दाखवायचा. जिवंत सवतीचे इतके लाड कोणी केले नसते. पण मेलेलीचा धाक मोठा. ती उपाशी राहिली, रुसली, तर घरातलं काहीतरी घेऊन जाते, असं सगळे धरून चालत.

वासूच्या बापाकडे या कामासाठी एक पितळी ठसा होता. त्यावर पत्रा ठेवून ठोकला की एक बाई उमटायची. वाटोळं तोंड, मोठे डोळे, दोन्ही हात खाली. मेलेली कोणी का असेना, तिला हेच तोंड. वासू हाताखाली तयार झाला तसा त्याला या बाईचा कंटाळा आला. बाप गेल्यावर त्याने ठसा फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि प्रत्येक टाक नव्याने घडवायला लागला. गिऱ्हाइकाला पाटावर बसवायचा, विचारायचा, कशी होती, नाक कसं, हसायची कशी. ऐकता ऐकता कोळशाने फळीवर चित्र काढायचा. मग राळेच्या गोळ्यावर पत्रा बसवून बारीक टोच्यांनी चित्र उठवायचं. डोळ्यांच्या बाहुल्या सगळ्यात शेवटी. वासूशेटचा टाक घरी गेला की म्हाताऱ्या सासवा तो हातात घेऊन रडत. हल्याळकडचे लोक दोन डोंगर ओलांडून त्याच्याकडे येत, आणि वासूला त्याचा गर्व होता. असायलाच हवा होता.

एक गोष्ट मात्र तो गिऱ्हाइकांना सांगत नसे. चित्र काढताना त्याची बायको केशर त्याच्या पाठीमागे उभी असायची. हातात सूप असो की पोळपाट, फळीवर कोळसा लागला की ती येऊन उभी राहायची आणि त्याच्या खांद्यावरून बघायची. तिची सावली फळीवर पडायची. "नाक वर गेलंय," म्हणायची. किंवा, "एवढी शहाणी दिसायला नको ती." वासू कुरकुरायचा, पण पुसून पुन्हा काढायचा, आणि दुसऱ्यांदा काढलेलं बरोबर असायचं. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या मध्ये होती ती ही फळी.

मग मानमोडीचं साल आलं. कॅसलरॉकला आगगाडीतून तो ताप उतरला आणि लाकडाच्या गाड्यांबरोबर वाडीवाडीत चढला. ज्याला आला त्याचं अंग मोडून जायचं, आणि चार दिवसांत माणूस जायचं. बायका जास्त गेल्या, कारण आजाऱ्यांचं करणाऱ्या त्याच. केशर दिवाळीच्या आधी गेली. स्मशानात इतकी गर्दी होती की वासूला नीट रडायलाही जागा मिळाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगरात लग्नांचा सपाटा लागला. घरोघर चूल पेटवायला बाई नव्हती, पोरं उघडी पडली होती. नवरे दुसऱ्या बायका करत होते आणि टाकांसाठी वासूच्या ओटीवर येत होते. वासूने फळी घेतली, कोळसा घेतला, पहिल्या माणसाला विचारलं, कशी होती. तो सांगत गेला. वासूने तोंडाचा गोल काढला आणि हात थांबला. गोलाच्या आत काय असतं ते त्याला आठवेना. नाक, डोळे, तोंड, हे शब्द माहीत होते. पण गोल समोर आला की आत नुसतं लाकूड दिसायचं. त्याने पुसलं. पुन्हा गोल काढला. पाठीमागून कोणी काही बोललं नाही.

त्या दिवशी त्याने गिऱ्हाइकाला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला. घरात बसून तो केशरचा चेहरा आठवायला गेला, निदान तो एक तरी काढता यावा म्हणून. स्वतःच्या देवघरात तिचा टाक बसवायचा होताच. आणि तेव्हा त्याला जे कळलं त्याने तो पार हबकून गेला. केशरचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आवाज आठवत होता. बांगड्या आठवत होत्या, चुलीपुढची पाठ आठवत होती, फळीवरची सावली तर हुबेहूब आठवत होती. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. शेजारच्या लक्ष्मीला त्याने आडून आडून विचारलं, केशर कशी दिसायची गं? लक्ष्मी म्हणाली, चांगली दिसायची की. आणखी दोघांना विचारलं. त्यांनीही हेच सांगितलं. चांगली दिसायची. चांगली म्हणजे काय, डोंबल? पण ते विचारायला त्याला तोंड नव्हतं. इतकी वर्षं ती याच घरात होती, आणि तो चेहरे घडवणारा कारागीर होता.

गिऱ्हाइकं मात्र थांबायला तयार नव्हती. टाकाशिवाय नवी बाई घरात घ्यायची कशी? शेवटी वासू माळ्यावर चढला, फडकं सोडलं आणि बापाचा ठसा खाली आणला. मग काय, ठोक पत्रा, उचल बाई. ठोक पत्रा, उचल बाई. कोणी तक्रार केली नाही. नवऱ्यांना घाई होती, आणि नव्या बायकांनी जुन्यांना पाहिलेलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात सुप्याच्या आसपासच्या सगळ्या मेलेल्या बायकांना एकच तोंड मिळालं.

हे उघडकीला आलं ते उळवीच्या जत्रेत.

जोयड्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत परशू नावाचा कुळवाडी होता. भाताची थोडी शेती, उरलेले दिवस जंगलात लाकूडतोड. त्याची पहिली बायको तुळजा मानमोडीत गेली, आणि त्याने बायजा केली. बायजा उंच, हाडापेराने मोठी, कमी बोलणारी. पहिलं मूल पोटातच गेलं. तिने सवतीचं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. रोज हळदकुंकू, रोज घास. तरी मूल गेलं. सासू म्हणाली, तुळजा रुसली. बायजाने आणखी मनापासून केलं.

जत्रेत रथ ओढून झाल्यावर बायका झाडाखाली भाकऱ्या सोडून बसल्या होत्या. गुंदची एक बाई घास दाखवायला गळ्यातला टाक वर काढते तोच बायजाची नजर गेली. तेच वाटोळं तोंड. तेच डोळे. तिच्या पलीकडे अनमोडची एक होती, तिने आपला काढून दाखवला. तीच बाई. बायकांना हसू फुटलं. एक म्हणाली, "बगा गं, आमी समद्या एकाच बाईच्या सवती." बायजा हसली नाही. तिने भाकरी परत बांधली. तेव्हा तिला पुन्हा दिवस गेले होते.

पुढच्या बाजाराला ती वासूच्या ओटीवर आली. परशू मागे उभा होता. तिने पाटावर बसून गळ्यातला टाक काढला आणि वासूच्या पुढ्यात ठेवला.

"शेट, ही कोण हाय?"

"तुझी सवत. तुळजा."

"तुळजा न्हाई. हीच बाय गुंदला हाय, अनमोडला हाय. मी रोज हिला घास दावतोय, आनी तुळजा उपाशी बसलीया. म्हनून तिनं माजं प्वार नेलं." तिने हे भांडणाच्या सुरात सांगितलं नाही. शेतात पाणी का शिरलं ते सांगावं तसं सांगितलं. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "आता ह्ये हाय. मला खरी तुळजा करून द्या. पावसाच्या आदी. नदी फुगली की मला यायला व्हायचं न्हाई."

वासूला सांगून टाकता आलं असतं की माझ्याच्याने होत नाही. तेच खरं होतं. पण समोर ती बाई बसली होती, आणि तिचं एक मूल आपल्या ठशाने नेलं असं तिला वाटत होतं, आणि ते खोटं आहे असं छातीवर हात ठेवून म्हणायची वासूची तयारी नव्हती. तो म्हणाला, बघू. आणि परशूकडे वळला.

"कशी होती रे तुळजा?"

परशूने डोकं खाजवलं. "चांगली हुती."

"चांगली म्हणजे? नाक कसं होतं?"

"नाक... नाकासारखं नाक. कामाला चांगली हुती, शेट." त्याने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. "कपाळावर गोंदण हुतं. बहुतेक हुतं." मग तो एकदम चिडला. "मेलेल्या बायकूचं नाक कोन ध्यानात ठेवतंय? तुमी ठेवलासा?"

वासूने खाली मान घातली आणि उगाच शेगडीतले निखारे सारखे केले.

तुळजाच्या माहेरचे लोक त्याच तापात गेले होते. सासूला आता धड दिसत नव्हतं, आणि विचारलं की ती सुनेचं सोडून स्वतःच्या आजारपणाचं सांगत बसे. वाडीतल्या बायका, चांगली हुती, यापुढे जात नव्हत्या. म्हणजे जगात तुळजाचा चेहरा सांगू शकेल असं कोणी उरलं नव्हतं. वासूने बायजाला तसं सांगितलं. गोल काढून तो दाखवला, आत बोट ठेवून म्हणाला, इथे काय घालू ते सांगणारं कोणी नाही.

बायजा गोलावर वाकली. मग म्हणाली, "ती डावरी हुती."

"तुला काय ठाऊक? तू तिला पाहिलंस कुठे?"

"तिचा इळा माज्या हातात चालंना. पात कापायला गेलो तर पात नुसतं वाकतंय. मला वाटलं धार गेली. मग बगितलं, तर धार उलट्या अंगानं काडल्याली. डाव्या हातात धरला तर चालतोय. आनी म्हस. म्हशीच्या डाव्या अंगाला बसल्याबिगर ती पान्हा सोडत न्हाई."

वासूने कोळसा खाली ठेवला. एखाद्या माणसाचं असं वर्णन आजवर त्या पाटावर कोणी केलं नव्हतं.

त्यानंतर दर बाजाराला ती यायला लागली. परशू मीठ-तेल घ्यायला जायचा आणि ती वासूसमोर बसून तुळजाविषयी सांगायची. बुटकी होती, कारण तिने भिंतीत बसवलेला आरशाचा तुकडा एवढा खाली आहे की बायजाला वाकून कुंकू लावावं लागतं. उंबऱ्यापाशी जमीन एका जागी झिजलेली आहे, तिथे ती बसत असणार, परशूची वाट बघत. तिथून खालची पायवाट दिसते, दुसरीकडून दिसत नाही. जात्याच्या खुंट्याला चिंध्या गुंडाळल्या आहेत, म्हणजे हाताला फोड यायचे, म्हणजे तळवा मऊ होता, चांगल्या घरची असावी. आठवडाभर घर धुंडाळून ती सवत गोळा करायची आणि बाजाराच्या दिवशी आणून वासूपुढे ओतायची. सांगताना तिच्या चेहऱ्यावर रंग यायचा. वाडीत तिच्याशी असं बोलणारं कोणी नव्हतं. घरात सासू होती आणि ही मेलेली तुळजा. दोघींतली तुळजा तिला जवळची.

वासू ऐकायचा. समोर बसलेल्या माणसाकडे बघत ऐकायची त्याची जुनी सवय होती, तसा बघत ऐकायचा. पण काढायला गेला की पुन्हा तेच. गोल आणि आत लाकूड. विळा काढता यायचा, हात काढता यायचे, जातं तर सुरेख काढायचा. मानेच्या वर गेलं की कोळसा जड व्हायचा. त्याने कारवारहून नवे टोचे मागवले. देवीला नारळ बोलला. एकदा चिडून त्याने स्वतःच्या डोक्याला फळी मारून घेतली. काही उपयोग झाला नाही. त्याची खात्री झाली होती की केशरबरोबर हातही जळून गेला, आणि राहिलेत ते नुसते सोनाराचे पंजे.

उन्हं तापली, मग आभाळ भरायला लागलं. पावसाआधीच्या शेवटच्या बाजाराला बायजा आली तेव्हा तिचं पोट चांगलं दिसत होतं आणि चालून चालून तिला धाप लागली होती. वासूने राळेवर पत्रा बसवला होता. त्यावर बुटकी बाई उठवली होती, हातात विळा दिला होता. चेहरा कोरा. आज हिला काहीतरी देऊन पाठवायचं, निदान ठशातलं तोंड या अंगावर बसवायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. त्याची त्याला लाज वाटत होती, पण ठरवलं होतं.

बायजाला पाटावर बसवेना. पाठीला कळ लागली होती. ती उठली, कमरेवर हात ठेवून ओटीवर इकडून तिकडे फिरायला लागली, आणि फिरता फिरता वासूच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिची सावली पत्र्यावर पडली.

वासूचा हात हवेत राहिला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. सवयच होती ती, सावली पडली की थांबायचं आणि ऐकायचं.

"शेट," मागून आवाज आला, "हिनं इळा उजव्या हातात धरलाय."

खरंच होतं. महिनोन्‌महिने डावरी, डावरी ऐकून त्याने विळा उजव्या हातात दिला होता. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्याने तो हात ठोकून सपाट केला आणि दुसरा उठवायला घेतला.

"जरा ठेंगणी करा. परशूच्या खांद्याला लागत आसंल."

त्याने केली.

"मग त्याच्याशी बोलायचं तर मान वर करून बगाया पायजे तिला."

वासूने मान वर केली. हनुवटी उचलली. हनुवटी उचलली की ओठ कुठे येतात ते आपोआप कळलं. बायजा मागून सांगत होती आणि टोच्या चालत होता. नाकाचं तिलाही ठाऊक नव्हतं, पण वर बघणाऱ्या बाईचं नाक जसं दिसेल तसं ते आलं. तो विचारत नव्हता, ती थांबत नव्हती. बाजार उठायच्या आधी त्याने बारीक टोच्या घेतला, "तुळजा" असं नाव घेतलं आणि दोन बाहुल्या पाडल्या.

परशू तेलाची बुधली घेऊन आला. वासूने टाक त्याच्या हातात दिला. परशूने तो बघितला आणि खाली पायरीवरच बसला.

"अशीच बगायची," तो म्हणाला. "मी जंगलातनं आलो की अशीच बगायची."

बायजाने जुना टाक वासूच्या हातावर ठेवला, नवा गळ्यात बांधला आणि डोंगराकडे चालू लागली. वासूने त्याच संध्याकाळी जुने उरलेले सगळे ठशातले पत्रे मुशीत घालून वितळवले.

तो पावसाळा वासूचा बरा गेला. त्याला वाटायला लागलं होतं की हात सुटला, आता केशरही येईल. चांदीचा चांगला जाड पत्रा कापून, घासून त्याने तयार ठेवला. फळी घेऊन बसायचा. गोल काढायचा. पाठीमागे पाऊस वाजत असायचा आणि बाकी काही नसायचं. बायजा आली की तिला मागे उभं करू, असं तो स्वतःला समजावायचा. केशरची भांडी दाखवू, तिचं सूप दाखवू, तिची बसायची जागा दाखवू. ती बरोबर ओळखून काढील. पोर घेऊन येईल दसऱ्यानंतर.

दसरा झाला. नदी उतरली. परशू एकटा आला.

तो पाटावर बसला आणि मुठीतला टाक त्याने वासूपुढे ठेवला. काळा दोरा तुटलेला होता. विचारायचं काही नव्हतं.

"पोरगी हाय," परशू म्हणाला. "चांगली हाय. शेजारीन पाजवते. तुळजानं प्वार दिलं, बाय नेली." मग म्हणाला, "पोरीला बगायला कोन तरी पायजे. अनमोडकडची एक ठरवलीया. तर बायजाचा करायला पायजे, शेट. दोगींचा मिळून एकच करा. नव्या बायच्या गळ्याला दोन-दोन वजं नको."

वासूने सवयीने तोंड उघडलं, कशी होती विचारायला, आणि तसंच मिटलं. त्याला विचारायची गरज नव्हती. सगळी बायजा त्याच्या डोळ्यांपुढे होती. डाव्या कानाची फाटलेली पाळी. पुढच्या दातावर किंचित चढलेला दुसरा दात, तो बोलताना ओठात अडकायचा. तुळजाचं काही नवं सांगायचं असलं की आधी भुवया एकत्र यायच्या, मग मोकळ्या व्हायच्या. उन्हातून आल्यावर वरच्या ओठावरचा घाम. काही म्हणता काही विसरलं नव्हतं. सगळा उन्हाळा ती त्याच्या समोर बसली होती आणि त्याने तिच्याकडे बघितलं होतं.

फळी त्याने घेतलीच नाही. सरळ पत्र्यावर टोच्या लावला. कुठेही थांबला नाही, काही पुसलं नाही. मागे सावली पडावी लागली नाही. आयुष्यात इतकं सोपं काम त्याने कधी केलं नव्हतं, आणि टोच्या चालत असताना त्याला सारखं वाटत होतं की हात थांबावा, पूर्वीसारखा अडावा, तर बरं. हात थांबला नाही. भुवया नुकत्याच मोकळ्या होत असलेली बायजा पत्र्यावर आली. तिच्या गळ्यात त्याने ज्वारीच्या दाण्याएवढा टाक घातला आणि त्या दाण्यात मान वर केलेली तुळजा बसवली. मग नाव घेऊन बाहुल्या पाडल्या.

पुढच्या बाजाराला परशू आला. टाक बघून त्याने त्यावर पटकन तळवा ठेवला, जणू झाकलाच.

"हीच," तो म्हणाला. मग, "मला कवा अशी दिसली न्हाई ती."

"समोर बसायची ना माझ्या," वासू म्हणाला.

परशूने तो टाक कनवटीला लावला. जाताना पायरीवर थांबून म्हणाला की पोरगी मोठी झाली की तिला दाखवीन, आई अशी होती म्हणून. वासू बरं म्हणाला. त्या सगळ्यातली एवढीच काय ती धड गोष्ट.

वासूचा हात त्यानंतर कधी अडला नाही. लोक म्हणायचे, वासूशेटचा हात पहिल्यापेक्षा चांगला झाला. गिऱ्हाईक काय सांगतंय ते आता तो ऐकायचा, आणि सांगणाऱ्याकडेच टक लावून बघत राहायचा, इतका की लोक अवघडायचे. त्याला कळलं होतं की आज पाटावर बसलेलं हे माणूस कसं होतं, तेही उद्या कोणीतरी त्यालाच विचारायला येईल. बायजाने तुळजाला परत आणलं होतं, आणि स्वतःला कोण आणील याची सोय नकळत करून ठेवली होती. केशर मात्र जन्मभर त्याच्या पाठीमागे उभी राहिली. तिला समोर बस म्हणायचं त्याच्या कधी मनात आलं नाही. तिची भांडी, तिचं सूप, तिची चुलीपुढची जागा, सगळं घरात होतं, पण ते वाचून दाखवणारी बायजा आता डोंगरात जळून गेली होती.

केशरसाठी कापलेला पत्रा त्याने तसाच कोरा देवघरात ठेवला. तिच्या तिथीला तो चिंचेने घासायचा, धुवायचा आणि हळदकुंकू लावायला वाकायचा. चांदी स्वच्छ झालेली असायची आणि तिच्यात चेहरा दिसायचा, त्याचाच, दरवर्षी जास्त म्हातारा. काही वर्षं त्याने ते चालवलं. मग त्याने पत्रा घासणं सोडून दिलं.